मित्सुएची चोरून घेतलेली सुट्टी

युनोहारातल्या कुनिएदा र्योकानात, म्हणजे जुन्या जपानी पद्धतीच्या अतिथीगृहात, पाहुण्याला देव मानत, आणि देवासारखंच त्याला स्वतःहून हलू देत नसत. दारात बूट काढायचे, सपाता घालायच्या, चटयांच्या खोलीत त्याही काढायच्या, संडासाला वेगळ्या. सहाचं जेवण म्हणजे सहालाच. पाहुणा गरम पाण्याच्या कुंडात डुंबून येईतो गादी घातलेली असे. सकाळी त्याचा डोळा उघडला न उघडला तोच ती उचलायला मित्सुए दाराशी गुडघे टेकून हजर. "झोप झाली ना छान?" असं ती इतक्या गोड आवाजात विचारी, की नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तरुणपणी विधवा होऊन मित्सुए इथं कामाला आली ती इथलीच झाली. मालकीण शिगेयोबाई सत्तरीच्या. किमोनोची चुणी मोडेल म्हणून शिंकसुद्धा आवरून धरणाऱ्या. त्या म्हणत, "स्टेशनसमोरची हॉटेलं म्हणजे माणसं ठेवायची कपाटं!" मित्सुए मान डोलवी. हॉटेल तिनं आतून कधी पाहिलं नव्हतं.

एका हिवाळ्यात कुंडाचा नळ फुटला आणि र्योकान चार दिवस बंद ठेवावं लागलं. "मावसबहिणीकडे जाऊन येते," म्हणून मित्सुए निघाली. मावसबहीण कधीच वारली होती. मालकीणबाईंना ते सांगायचं राहून गेलं होतं. ती उतरली ती थेट शहरातल्या स्टेशनसमोरच्या हॉटेलात.

काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करताच किल्लीचं कार्ड पुढे सरकवलं. चहा येईल म्हणून मित्सुए तिथंच उभी राहिली. मुलगी म्हणाली, "लिफ्ट तिकडे."

खोलीत पलंग होता आणि पलंगाला लागून भिंत. अर्धा तास मित्सुएला अपमान झाल्यासारखं वाटलं. मग ध्यानात आलं, की आता कुणीच येणार नाही. तिनं गादीवर लोळत बनपाव खाल्ला, चुरा सांडला, आणि भरदुपारी घोरत पडली. सकाळी सवयीनं उठून गादी उचलायला गेली, तर ती हलेना. पलंगाचीच गादी ती! मित्सुए एकटीच खदखदून हसली आणि पुन्हा आडवी झाली.

उन्हं वर आल्यावर ती कॉरिडॉरमधल्या मशीनवर चहा घ्यायला गेली. तिथं हॉटेलच्या तोकड्या पायजम्यात, केस मोकळे सोडून, कागदी कपातल्या शेवयांवर कढत पाणी ओतत एक बाई उभी होती. मालकीणबाई!

दोघीही कमरेत वाकल्या. थोडं पाणी जमिनीवर सांडलं.

"मावसबहीण इथंच राहते वाटतं?"

"अं... हो. आणि तुम्ही आजारी आत्याबाईंना भेटायला निघाला होतात ना? कशा आहेत?"

"ठणठणीत. स्वर्गात." मालकीणबाईंनी शेवया सुर्रकन ओढल्या.

मित्सुएचे हात आपसूक पुढे झाले. "द्या, मी वाढते."

"खबरदार! कुणी वाढत नाही म्हणून तर येते मी इथं. दरवर्षी."

"दरवर्षी? मग तो कपाटांचा..."

"धंदा आहे बाई तो. जा, झोप जा. आणि हे बघ, माझ्या दाराशी येऊन गुडघे टेकू नकोस."

पुढल्या हिवाळ्यात नळ धडधाकट होता. तरी मालकीणबाईंनी दुरुस्तीची पाटी लावली. दोघींनी एकाच मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मुक्कामात त्या एकदाच समोरासमोर आल्या, लिफ्टमध्ये. आणि आधी ठरल्याप्रमाणे कुणीच कुणाला ओळख दिली नाही.