डावा हात खिशात

बिल्डिंगमधले सगळे त्यांना भरारीकाका म्हणतात, आणि तेही तोंडावर. त्याला कारण आहे. परीक्षा खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बावीस भरारी पथकात. न सांगता वर्गात घुसायचं आणि मोज्यातली, घड्याळाच्या पट्ट्याखालची, बाटलीच्या लेबलामागची चिठ्ठी बाहेर काढायची, हेच काम. काका दारात उभे राहिले की ज्यांनी कॉपी केली नव्हती त्यांनाही घाम फुटायचा. निवृत्तीनंतर पथक सुटलं, पण नजर काही सुटली नाही. जिन्यात कोणी जरा हळू चाललं की यांचा प्रश्न तयार: "पिशवीत काय आहे?"

खाली जिन्याजवळ एक फळा आहे. पाणी कधी येणार नाही, गच्चीवर कोणी काय वाळत घालू नये, असले हुकूम त्यावर काका खडूने स्वतः लिहायचे. अक्षर मात्र मोत्यासारखं. कोणीतरी त्यांच्या एका सूचनेखाली "बरं" असं लिहून ठेवलं. तेवढ्यावरून काकांनी फळा हातभर वर सरकवला. कोणाचाही हात सहज पुरणार नाही, इतका वर. मग वरच्या ओळींना स्वतःचाही पुरेना, म्हणून स्टूल आणलं. पुढच्याच सूचनेला "सर्व सभासदांनी सावधगिरी" इथपर्यंत आले आणि स्टुलासकट खाली आले.

उजव्या खांद्यातला स्नायू हाडापासून सुटला होता, बाही उसवावी तसा. मोठ्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तो टाके घालून जागेवर शिवला. या डॉक्टरांचा एक अभ्यास चालला होता: असा खांदा शिवलेल्या साठ माणसांचं पुढे काय होतं, हात किती वर जातो, रोजची कामं जमतात का, हे तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने मोजायचं. "भाग घ्याल का?" असं विचारल्यावर काकांनी चार पानी संमतीपत्र शब्दन् शब्द वाचलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि सही ठोकली. त्यांना मिळालेलं नाव होतं "रुग्ण क्रमांक सतरा". काकूंना म्हणाले, "बघ, या वयात बैठक क्रमांक मिळाला."

काकू म्हणाल्या, "मिळाला ना? मग आता बसा."

झोळीत हात अडकवून सहा आठवडे बसले. मग हात हलवायचे व्यायाम सुरू झाले. ते दुखायचे, म्हणून काका ते वाचायचे. व्यायामाचा कागद त्यांना तोंडपाठ होता. करताना मात्र त्यांना कोणी पाहिलं नाही.

तिसऱ्या महिन्यात पहिली तपासणी आली. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर बसला होता. खांदा तोच, ऑपरेशन त्याच आठवड्यातलं. मोजमाप घेणाऱ्या मुलीने दोघांना एकदमच सांगितलं, "एकूण शंभर गुण. पंच्याहत्तरच्या वर गेलात तर घरीच कागद बघून व्यायाम करायचे. खाली राहिलात तर आठवड्यातून तीनदा इथे, व्यायामाच्या बाईंकडे."

काकांच्या कानात शिरलं ते एवढंच: पंच्याहत्तरच्या वर.

आधी प्रश्नावली होती. "काका, खांद्याच्या उंचीच्या फळीवर किलोभराचा डबा ठेवता येतो?"

प्रश्न काकांनी परीक्षकाच्या डोळ्याने वाचला. कुठल्या हाताने, ते लिहिलेलंच नव्हतं! डावा हात तर ठणठणीत होता. "येतो," काका म्हणाले. "विनासायास."

"केस विंचरता येतात?"

येत होते. म्हणजे कंगवा छातीपाशी धरायचा आणि डोकं कंगव्याकडे न्यायचं. डोक्याने जायचं की कंगव्याने यायचं, याचाही नियम नव्हता.

शेवटी हात वर करायची वेळ आली. मुलगी दोन पायांचा प्लास्टिकचा कोनमापक घेऊन शेजारी उभी राहिली. काकांनी खांदा कानाला भिडवला, ढगळ शर्टाच्या आत कंबरेतून हळूच मागे रेलले, श्वास कोंडला आणि छताकडे पाहिलं. हात झोकात वर गेला. एकूण गुण अठ्ठ्याऐंशी. ड्रायव्हरला चोपन्न. सरळसोट माणूस, ज्याला त्याला "नाही जमत हो" म्हणत सुटला होता.

"वाईट वाटून घेऊ नका," काका त्याला म्हणाले. "पुढच्या वेळी तयारी करून या."

घरी येऊन काकांनी बिल्डिंगभर निकाल सांगितला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. वरच्या फळीवरचा डबा काढायला मात्र काकूच खुर्चीवर चढत होत्या. फळ्यावरच्या सूचनाही आता काकूच लिहीत होत्या, आणि त्याच स्टुलावर चढून. काका खाली उभे राहून "दुसरी वेलांटी!" असं ओरडत.

पाचव्या महिन्यात एकदा तेच स्टूल डगमगलं. काकूंनी फळा धरला, खडू पडला, काका धावले आणि सवयीने उजवा हात वर केला. तो छातीपाशीच अडकला. काकूंना सावरलं ते डाव्या हाताने.

काकू खाली उतरल्या. साडी झटकली आणि विचारलं, "अठ्ठ्याऐंशी ना हो तुम्हाला?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मग करा वर."

"आता? इथे? जिन्यात?"

"परीक्षा काय सांगून येते? तुम्ही कधी सांगून गेलात?"

काकांनी खांदा कानाला लावला आणि मागे रेलायला सुरुवात केली. काकूंनी त्यांच्या पाठीला आपला तळहात सपाट लावला. रेलायला जागाच उरली नाही. हात तिथेच लोंबकळत राहिला, छातीच्या जरासा वर.

काकूंनी हळूच तळहात काढून घेतला. ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "कुंपणच शेत खातंय म्हणायचं. बावीस वर्षं लोकांच्या मोज्यांत हात घातलात आणि स्वतः..."

"नियमात कुठेही लिहिलेलं नाही की—"

"खांद्याला वाचता येतं का नियम?" काकू म्हणाल्या. "माझं एक ऐका. या वेळी नापास व्हा. एकदाच. माझ्यासाठी."

काकांच्या कुळात नापास कोणी नव्हतं. ते त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला दोघं गेले. बाकाच्या वर भिंतीला पिशव्या अडकवायचे हुक होते, चांगले डोक्याच्या वर. काका पिशवी मांडीवर घेऊन बसले. तेवढ्यात ड्रायव्हर आला. आपली पिशवी त्याने उजव्या हाताने हुकाला लावली. मग काकांची उचलली आणि तीही लावली, बोलता बोलता, जणू काही विशेष नाही.

काका बघतच राहिले. "तुम्ही तर नापास होता."

"म्हणून तर! त्या व्यायामाच्या बाईंनी आठवड्यातून तीनदा अक्षरशः रडवलं हो. पण बाई म्हणतात, जे कमवायचं ते पहिल्या वर्षात कमवा, नंतर आहे तेवढ्यावरच भागवावं लागतं." मग त्याने अगदी मनापासून विचारलं, "तुमचं काय, तुम्ही तर पहिल्याच फटक्यात सुटलात. नशीब लागतं."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग हुकाकडे पाहिलं, तेवढं पुरलं.

"क्रमांक सतरा!" आतून हाक आली.

आत मोठे डॉक्टर स्वतः उभे होते, सोबत बाहेरगावचे दोन डॉक्टर. "हे आमचे सतरा नंबर," ते पाहुण्यांना म्हणाले. "आमचा सगळ्यात चांगला निकाल. काका, दाखवा जरा यांना."

असा मान काकांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. त्यांच्या येण्याने कधी कोणाचा चेहरा खुललाच नव्हता. इथे तीन डॉक्टर हसून वाट बघत होते. खांदा आपोआप कानाकडे निघाला. काकांनी छताकडे पाहिलं.

आणि तिथेच गाडी अडली. कॉपी करणारा प्रत्येक जण आधी छताकडे बघतो, हे काका बावीस वर्षं नव्या लोकांना शिकवत आले होते. पेपरात बघणारा, खिडकीत बघणारा, अगदी शेजाऱ्याकडे बघणाराही एखादे वेळी निर्दोष निघतो. छताकडे बघणारा मात्र हमखास सापडतो.

काका दोन पावलं मागे सरकले. पाठ भिंतीला टेकवली. डावा हात पँटच्या खिशात घातला आणि उजवा उचलला. हात छातीपर्यंत आला आणि थांबला.

मुलीने मोजलं. पुन्हा मोजलं. "ब्याऐंशी अंश," ती पुटपुटली. गेल्या वेळी एकशे पन्नास होते.

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आज दुखतंय का काका?"

"रोज दुखतं," काका म्हणाले. "आज फक्त कॉपी नाही."

पाहुण्यांना वाटलं, हा काही वैद्यकीय शब्द असावा. एकाने लिहूनही घेतला.

एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले? दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी अर्ज दिला: "महोदय, रुग्ण क्रमांक सतरा याने तिमाही तपासणीत गैरमार्गाचा अवलंब केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बाब निदर्शनास आणणारा, रुग्ण क्रमांक सतरा." सोबत पुरवणी जोडली होती. तीत प्रश्नावलीतल्या अकरा पळवाटा क्रमवार.

मोठे डॉक्टर वाचून पोटभर हसले. पाचव्या पळवाटेला हसू थांबलं. अकराव्या पळवाटेनंतर त्यांनी मुलीला बोलावलं आणि विचारलं, "बाकीच्या एकोणसाठ जणांनी कुठला हात वापरला?"

ते कोणालाच माहीत नव्हतं.

मग सगळ्यांना परत बोलावणं गेलं. प्रश्नावलीच्या डोक्यावर नवं वाक्य आलं: ऑपरेशन झालेल्या हातापुरतंच उत्तर द्यावं. मोजताना पाठ भिंतीला आणि दुसरा हात खिशात. "ज्यांना खिसा नाही त्यांनी तो हात पाठीमागे धरावा," हे पोटकलम काकांनी सुचवलेलं. साठांपैकी तेवीस जण पंच्याहत्तरच्या खाली घसरले. डॉक्टरांचा शोधनिबंध लांबणीवर पडला आणि बाकावर काकांचं नाव निघालं की लोक दात-ओठ खायला लागले.

"नव्वद होते माझे, छप्पन्न झाले!" एक बाई म्हणाल्या. "आधी पोरांना रडवलं, आता गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्यांना."

"खांदेदुखीवाल्या," काकांनी दुरुस्ती केली.

स्वतः काकांना गुण मिळाले एकोणपन्नास. आयुष्यातलं पहिलं नापास. व्यायामाच्या बाईंकडे आठवड्यातून तीन दिवस त्यांचा जो काही आवाज निघायचा, तो ऐकून बाकावरच्या लोकांचा राग बराचसा निवळला. ड्रायव्हरचं बाईंकडचं काम केव्हाच संपलं होतं, तरी अधूनमधून तो मुद्दाम ऐकायला यायचा.

वर्षाच्या तपासणीत काकांचा हात गेला एकशे अठ्ठावीस अंशांवर. गुण एकाहत्तर. मुलगी म्हणाली, "काका, फार छान. रेलला नाहीत ना?"

"पाठीमागे हात घालून बघ," काका म्हणाले. मुलीने खरंच बघितलं. काका खूश झाले.

काकूंचं म्हणणं होतं, आता फळा हातभर खाली घ्या. काका म्हणाले, फळा आहे तिथेच राहील. स्टूल मात्र त्यांनी स्वतः भंगारवाल्याला दिलं. तेव्हापासून बिल्डिंगमधल्या सूचना काकांचा हात पोचतो तिथून सुरू होतात, वर कोरी पट्टी सोडून. अक्षर पुन्हा मोत्यासारखं, पहिली ओळ तेवढी जरा थरथरलेली. नव्या भाडेकरूने विचारलं, वरची जागा कशाला सोडली? काका म्हणाले, "काकूंना विचारा." त्या जागेची मोजणी काकूंकडे आहे. दर रविवारी त्या खाली येतात, पहिल्या ओळीच्या वर बोटं आडवी धरतात आणि वर जाऊन सांगतात. गेल्या महिन्यात पट्टी आठ बोटं होती. काल सहा भरली. काका म्हणाले, "नीट धर, बोटं ताणू नकोस," आणि खात्री करायला स्वतः खाली उतरले.