एकादशीची गोळी

अंगावर शिशाचा जड एप्रन घालून कॅथलॅबमध्ये उभं राहिलं की हात कामात आणि कान मोकळे, त्यामुळे किस्से आपोआप साठतात. तंजावूरच्या आमच्या हॉस्पिटलात मराठी समजणारी नर्स मी एकटीच, म्हणून राजवाड्याकडचे मराठी पेशंट माझ्याच वाट्याला. त्यातले गोविंदराव मास्तर मनातून जात नाहीत.

*

पाच गोळ्या घेऊनही मास्तरांचं प्रेशर एकशे नव्वद. गोळ्या पोटात जातात की नाही, अशी डॉक्टरांना शंका! म्हणून रोज सकाळी त्या माझ्यासमोर घ्यायच्या असं ठरलं. महिनाभर आले, दोन दिवस सोडून. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "एकादशीला मी पाणीसुद्धा घेत नाही, अम्मा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पण इतर दिवशीही प्रेशर तसूभर हललं नव्हतं.

*

शेवटी जांघेतून मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत कॅथेटरची बारीक नळी घालून तिच्याभोवतीच्या, प्रेशर चढवणाऱ्या मज्जातंतूंना चटके द्यायचं ठरलं. आमची ती पहिलीच केस. मास्तरांनी एकच विचारलं, नंतर उजवा हात चालेल ना? त्यांची बायको लक्ष्मीबाई पक्षाघाताने अर्धी लुळी, दोन वर्षं तेच तिला भरवत होते. उद्या त्यांनाही झटका आला तर तिला कोण भरवणार?

*

चटका बसला की गुंगीतही दुखतं. मास्तर मराठीत पुटपुटायला लागले, "आ कर, लक्ष्मी. एवढाच घास." डॉक्टरांनी तमिळमध्ये मला विचारलं, दुखतंय म्हणतात का?

"नाही सार. बायकोला भरवताहेत."

*

दुसऱ्या दिवशी प्रेशर एकशे शहाऐंशी! ज्युनियर डॉक्टरांनी हौसेने आणलेली जांगिरीची मिठाई तशीच पडून राहिली. डॉक्टर म्हणाले, गुण यायला काही आठवडे लागतात, गोळ्या चालूच ठेवायच्या. खरं सांगते, माझा विश्वास बसला नव्हता.

*

तीन महिन्यांनी मास्तर तपासणीला आले, सोबत व्हीलचेअरवर लक्ष्मीबाई. प्रेशर एकशे छत्तीस. मी दोनदा मोजलं. डॉक्टर खूश झाले, पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं.

नेमकी त्या दिवशी एकादशी. पाचांतली पहिली गोळी मी हातावर ठेवली, ती मास्तरांनी गुपचूप खिशात टाकली. लक्ष्मीबाईंनी ते पाहिलं. चांगला हात पुढे करून त्यांनी ती खिशातून काढली आणि मास्तरांच्या तोंडाशी नेली. जड जिभेने, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या,

"उपास मी धरते. तुम्ही आ करा."