धुलाईची टाकी

पाचवीची परीक्षा संपली आणि मी ताईबरोबर शेडमध्ये कामाला जायला लागले. श्रीरामपूरच्या बाहेर, उसाला लागून ते पत्र्याचं शेड होतं. तिथं भंगारातलं प्लॅस्टिक धुऊन, दळून विकायचे. धुलाई आम्हा पोरींकडे. पोत्यांतून दवाखान्यातल्या नळ्या निघायच्या, आत रक्त वाळलेलं. सुया निघायच्या. सगळं टाकीतल्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकून काठीनं ढवळायचं. घरी भाकरी मोडताना बोटांना तोच वास यायचा आणि घास फिरायचा. शेठ कानात अत्तराचा फाया घालून बसायचा.

एका दुपारी ताईचा पाय घसरला आणि उजवा हात कोपरापर्यंत टाकीत गेला. कातडी पांढरी पडून सुटायला लागली. शेठनं त्यावर टूथपेस्ट फासली. तेवढ्यात फाटकाशी तपासणीची जीप आली. त्यानं आम्हा सगळ्यांना संडासात कोंडलं. "आवाज केला तर बघा."

संडास तुंबलेला होता. पायाखाली घाण, अंगावर माश्या. ताई ओढणी दातांत धरून कण्हत होती. पलीकडे साहेबांसाठी भजी आली होती.

"या बाहेरच्या लहान चपला कुणाच्या?" साहेबांनी विचारलं.

"बायांची पोरं येत्यात खेळायला, साहेब."

"बरं. चटणी द्या जरा."

ताईनं दाराला लाथ घातली. कडी म्हणजे नुसता वाकवलेला खिळा होता, तो निखळला. तिनं सरळ जाऊन तो हात भज्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "आमी खेळायला न्हाई येत, साहेब. ह्ये बघा."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हिला आधी बाहेर न्या," एवढंच म्हणाले. शेठनं घाईघाईनं ताट उचललं, भजी खराब होतील म्हणून.

आईनं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. हात वाचला, पण दोन बोटं कायमची आखडली. शेड थोडे दिवस बंद राहिलं, मग शेठच्या मेव्हण्याच्या नावानं पुन्हा सुरू झालं. अजून चालू आहे.

शेठ आता झेंडावंदनाला शाळेत पाहुणा असतो. यंदा माझी मुलगी त्याच्या हातचा लाडू घेऊन घरी आली. ताई आलेली होती. कुणी दिला ते कळल्यावर तिनं लाडू काढून घेतला आणि उकिरड्यावर भिरकावला. मुलगी रडायला लागली.

"रडू दे तिला," ताई मला म्हणाली, "आन् आदी साबण आन."