घासलेली बाटली

काढ्यांवर माझा मुळातच राग आहे. नाशिकला प्रयोगशाळेत माझं काम एवढंच, की पोलिसांनी सील करून पाठवलेल्या बाटल्या-बरण्या उघडायच्या आणि त्यांत नशा आणणारं किंवा जीव घेणारं काय आहे ते शोधायचं. शिवरात्रीनंतर भांगेची थंडाई येते, डोंगराकडून मोहाची दारू येते, कधी झोपेच्या गोळ्या घातलेली ताडी येते. दारूचं मी समजू शकते, ती निदान स्वतःला दारू म्हणवून घेते. काढा मात्र औषध म्हणून येतो, आणि ‘झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय’ म्हणत चांगली शहाणीसुरती माणसं तो घशाखाली घालतात. अहो, धोतराही झाडपालाच असतो. हे सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलं.

त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे दारू सोडवण्याचा काढा. आठवडे बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला तंबू ठोकून, पुढ्यात मुळ्या-साली मांडून बसलेला माणूस तो विकतो. नवऱ्याला न सांगता चहातून द्यायचा, ही त्याची मुख्य जाहिरात. बायका तो पदराआड घरी आणतात. घेतलेला माणूस गुंगतो, काहीबाही बरळतो, दोन दिवस दारू मागत नाही. बायकोला वाटतं, गुण आला.

निफाड तालुक्यातल्या एका गावातून असंच प्रकरण आलं. माणूस द्राक्षबागांवर फवारणीला जायचा आणि मिळेल ते पिऊन यायचा. बायकोनं चहातून काढा दिला आणि सकाळपर्यंत तो गेला. तिनं चहात काहीतरी घातलेलं शेजारणीनं पाहिलं होतं, त्यामुळे पोलिसांनी तिलाच उचललं. आमच्याकडे आल्या दोन गोष्टी: मेलेल्या माणसाचा व्हिसेरा, म्हणजे बरणीत ठेवलेले त्याच्या पोटातले अवयव, आणि काढ्याची बाटली.

निफाडकडचा व्हिसेरा आला की आम्ही आधी द्राक्षावरची औषधं शोधतो. ती निघाली नाहीत. निघाला धोतरा. काचेच्या पट्टीवर नारिंगी ठिपका उमटला, यंत्रानंही दुजोरा दिला. माझे एक जुने साहेब सांगायचे, पूर्वी म्हणे मांजराच्या डोळ्यात थेंब टाकून बघायचे, बाहुली मोठी झाली की धोतरा. मला तेव्हा त्या मांजराची फार दया आली होती.

बाटली मात्र कोरी. दारूचीच जुनी क्वार्टर, लेबल खरवडलेलं. दारू सोडवायचं औषध दारूच्याच बाटलीत भरून विकणाऱ्याला काय म्हणावं! ती आतून-बाहेरून लखलखत होती. आम्ही ती द्रावणानं विसळली, विसळण तपासलं, पण कशाचा मागमूस नाही. मी अहवालात जे होतं तेच लिहिलं: पोटात धोतरा आढळला, बाटली रिकामी व धुतलेली, तिच्यात काही आढळलं नाही. प्रत्येक शब्द खरा होता. पोलिसांनी त्याचा अर्थ लावला, काढा निर्दोष, विष बायकोनं घातलं आणि बाटली धुऊन पुरावा बुडवला.

त्यानंतर एके दुपारी वॉचमननं मला फाटकाशी बोलावलं. एक म्हातारी सकाळपासून बसली होती, हटत नव्हती. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. मी मेलेल्याची आई, म्हणाली.

“ती बाटली मी घासली, बाई,” तिनं सुरुवातच तिथून केली. “लेकाचं मयत घरात व्हतं. मयताच्या घरातलं पानी कुनी ठिवतं का? माठ वतला, हंडे वतले, जे जे पातळ दिसलं ते समदं बाहेर वतलं. बाटलीबी वतली, राखंनं घासली आन् पालथी घातली. सून तर पडलेली व्हती, तिला शुद्धच नव्हती.”

“हे पोलिसांना सांगितलंत?”

“सांगितलं की. म्हनले, सासू सुनंला वाचवती, आसं कुठं आसतं का.” ती हसल्यासारखं करून थांबली. “लय गुनाची हाय वो. त्यानं मारली, उपाशी ठिवली, तरी त्याचीच दारू सुटावी म्हनून गेली काढा आनाया. मीच तिला तंबू दाखवला व्हता.”

मग तिनं पिशवीतून बाटली काढली. तसलीच क्वार्टर, आत काळसर काढा. पुढच्या बाजारात तो माणूस पुन्हा बसला होता, त्याच्याकडूनच तिनं ती आणली होती. “ही तपासा,” म्हणाली.

मी हात मागे घेतला. कोणी हाती आणून दिलेली बाटली आम्हाला घेता येत नाही, पोलिसांनी पंचांसमोर जप्त करून सील केली तरच ती कोर्टात चालते, हे तिला समजावलं. वकिलामार्फत अर्ज करा म्हटलं.

“तवर पोरीला आतच ठिवायची? नात आईला हुडकती घरभर.” मग तिनं विचारलं, “पोलीस सील कवा लावत्यात?”

“गुन्हा घडला तर. कोणाला काही झालं तर.” ऊन रणरणत होतं, आत कामं पडली होती, आणि माझा राग भलतीकडेच निघाला. “पहिल्या बाटलीत तळाशी दोन बोटं जरी काढा राहिला असता ना आजी, तर ही वेळच आली नसती.”

“दोन बोटं बास व्हतात?”

“होतात.”

तिनं मान हलवली, बाटली फडक्यात गुंडाळली आणि निफाडची एसटी कुठं मिळेल ते वॉचमनला विचारून गेली.

मी नियमानं वागले. आजही कोणी विचारलं तर तेच सांगेन. पण त्या नियमाची मला तेव्हापासून चीड आहे. त्याला सील दिसतं, समोर बसलेलं माणूस दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात एक हवालदार सीलबंद पार्सल घेऊन आला. गाव वाचून मी काय झालं ते विचारलं. म्हातारी पोलीस ठाण्यात गेली होती. बाटली जप्त करा म्हणाली, कोणी केली नाही. मग व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिनं सगळ्यांसमोर ती तोंडाला लावली.

“डोळ्यांच्या बाहुल्या एवढाल्या झाल्या होत्या, मॅडम,” हवालदार म्हणाला. “हवेतले धागे वेचल्यासारखं करत होती. लेकाला हाका मारत होती. सिव्हिलला नेली, पण वय झालेलं. आता तो तंबूवाला धरलाय. सुनेचाही जामीन होईल, तुमचा अहवाल आला की.”

तो बाकावर टेकला, पाणी प्यायला. पावतीवर सही करून मी पार्सल आत नेलं.

सील जागच्या जागी होतं. ते फोडून मी आधी व्हिसेऱ्याची बरणी बाहेर ठेवली, मग फडक्यातली बाटली काढून उजेडात धरली. झाकण घट्ट बसवलेलं होतं आणि तळाशी दोन बोटं काढा होता.