होडीवाल्यांची यादी

डिंभे धरणाच्या फुगवट्याकाठी आमचं गाव. तिथे मी पाच वर्षं सरपंच होते. जागा महिलेसाठी राखीव निघाली म्हणून उभी राहिले, पण निवडून आल्यावर कारभार मीच केला. नवऱ्याला ग्रामपंचायतीच्या कामात बोलू दिलं नाही. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष मला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

एका हिवाळ्यात दोन जीपा आल्या. माणसांनी काठावरची माती नेली, धरणाचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. मागून तालुक्याहून पत्र आलं. या भागात छोटा अणुवीज प्रकल्प उभारता येईल का याचा अभ्यास चालू आहे, ग्रामसभा बोलवा, अधिकारी माहिती देतील.

सभा शाळेत झाली. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांचं बोलून झाल्यावर माझे चुलतसासरे उठले. मी त्यांनाही मामंजीच म्हणते. धरणात जुनं गाव बुडालं तेव्हा ते तरणे होते. त्यानंतरचं सगळं आयुष्य त्यांनी त्याच पाण्यावर होडी घालून मासे धरण्यात घालवलं होतं.

"साहेब, काय झालंच, तर आमी कुठनं पळायचं?"

"बाबा, तसं काही होणारच नाही."

"न्हाई व्हणार. पर झालंच तर?"

"धरण फुटेल म्हणून तुम्ही रोज घाबरता का?"

"धरणाच्या टायमाला आमाला कुणी इचारलंच नव्हतं. म्हनून आता इचारतो."

लोक हसले, साहेबही हसले. मला हसू आलं नाही. गावाला रस्ता एकच, पावसाळ्यात त्यावर दरड येते. एसटी मनात येईल तेव्हा येते. दवाखान्याला बहुतेक दिवस कुलूप असतं. मोबाईलला रेंज हवी तर टेकडीवर चढावं लागतं. उद्या भोंगा वाजला तरी तो ऐकून करायचं काय?

मी हेच सगळं ठरावात लिहायला लावलं. ग्रामसेवक चाचरत म्हणाले, "ताई, विरोध म्हणून लिहू का पाठिंबा म्हणून?"

"दोन्ही नको. गावानं विचारलंय, असं लिहा."

दीड-दोन महिन्यांनी मला जिल्ह्याच्या बैठकीला बोलावलं. ठराव टेबलावर होता. एक वरिष्ठ अधिकारी म्हणाले, "मॅडम, आपत्कालीन आराखडा सुरक्षेच्या दृष्टीनं गोपनीय असतो."

"म्हणजे आम्ही कोणत्या रस्त्यानं पळायचं, हे आमच्यापासूनच गुप्त?"

त्यांनी चहा मागवला आणि पुढचा विषय घेतला.

त्यानंतर गावात सुरक्षा आली ती पोलिसांच्या रूपानं. अभ्यास पूर्ण होईपर्यंत फुगवट्याच्या एका अंगाला होड्या न्यायच्या नाहीत, अशी पाटी लागली. नेमकी तिथेच मासळी लागायची. हवालदार कार्यालयात आले, म्हणाले, "होडीवाल्यांची यादी पाहिजे. नाव, आधार, फोटो. आणि सभेत कोण कोण बोललं ते शेजारच्या रकान्यात."

मी विचारलं, "ते कशाला?"

"रुटीन आहे ताई."

ग्रामसेवकांनी यादी केली. चुलतसासऱ्यांच्या नावापुढे त्यांनी 'प्रश्न विचारला' असं लिहिलं. मी ते वाचलं. सही केली, शिक्का मारला.

चार दिवसांनी मामंजींना चौकीत बोलावलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. येणारा प्रत्येक जण एवढंच विचारत राहिला, "हे बोलायला तुम्हाला कुणी शिकवलं?" सत्तरीच्या माणसाला पळायची वाट विचारायलाही कुणीतरी शिकवावं लागतं, असा त्यांचा समज. मी चौकीत गेले तर मला खुर्ची दिली. ते बाकावर आणि मी खुर्चीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या ग्रामसभेला ते आले नाहीत. दुसरंही कुणी काही विचारलं नाही. सभा पंधरा मिनिटांत आटोपली.

वर्षभरानं एका ओळीचं पत्र आलं. जागा तांत्रिकदृष्ट्या योग्य नाही. आमच्या ठरावाचा त्यात उल्लेखही नव्हता. तालुक्याच्या पुढाऱ्यांनी मात्र 'प्रकल्प आम्ही परतवला' असा फ्लेक्स लावला. मी चौकीत जाऊन यादी परत मागितली.

"रेकॉर्डवर गेलेलं काढता येत नाही ताई."

पाटीही कुणी काढली नाही. ती काढायचा अधिकार कुणाचा, हे कोणत्याच कार्यालयाला ठाऊक नाही.

मामंजींनी होडी विकली आणि अवसरी बुद्रुकला लेकीकडे राहायला गेले. माझी मुदत संपल्यावर मी भेटायला गेले. ते ओट्यावर कांदा निवडत होते. लेकीनं चहा दिला. बराच वेळ पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. मग मान वर न करता ते म्हणाले, "सूनबाई, त्या कागदावर माझ्या नावापुढं काय लिवलंय, ते तू वाचलं व्हतंस?"

वाटेत एसटीत मी 'गडबडीत सही झाली' असं म्हणायचं ठरवलं होतं.

"वाचलं होतं," मी म्हणाले.

"मग बरं," ते म्हणाले. "मला वाटलं, न वाचताच सही केलीस."

त्यांनी सडका कांदा बाजूला टाकला, दुसरा हातात घेतला. माझा चहा गार झाला होता. तो तसाच पिऊन मी उठले.