फिजिक्सच्या चौकटीतला ‘भू’

लातूरच्या त्या क्लासमध्ये सिंधुअक्का रागीट म्हणूनच प्रसिद्ध होती. प्रिंटर अडला तर प्रिंटरवर, चहा गार आला तर चहावाल्यावर, कोणीच नसलं तर पंख्यावर. पण दोन हजार तीन सालच्या त्या मंगळवारी ती जशी पेटली, तशी कोणी कधी पाहिली नव्हती.

त्र्याण्णवच्या भूकंपात गाव गेलं तेव्हा ती चौदा वर्षांची. पत्र्याच्या शेडमध्ये राहून बारावी केली, लातुरात येऊन टायपिंग आणि मग कॉम्प्युटर शिकली. राघवेंद्र सरांच्या क्लासमध्ये रविवारच्या चाचणीचे गुण भरायचे, यादी काढायची आणि सोमवारी फळ्यावर चिकटवायची, हे तिचं काम. त्या यादीवर तुकडी ठरे. वरच्या साठांची ‘अ’, तिथे सर स्वतः शिकवत. तळाच्यांची ‘ड’, तिथे कोण शिकवतं हे सरांनाही पटकन आठवत नसे.

त्या आठवड्यात सरांनी फर्मावलं, भूकंपग्रस्तांना फीमध्ये सवलत आहे, ती पोरं यादीत ओळखू आली पाहिजेत. नवा रकाना कागदावर मावेना. म्हणून अक्काने फिजिक्सच्या गुणांपुढे, त्याच चौकटीत, ‘भू’ टाइप केलं. सोमवारी यादी लागली आणि गावाकडची बरीच पोरं धडाधड खाली आली.

“खेड्यातली पोरं,” सर म्हणाले, “पहिला जोर ओसरला की घसरतातच.”

अक्काने मान डोलावली.

मंगळवारी सकाळी निलंग्याकडची महामाया दारात उभी राहिली. “अक्का, माजी बेरीज जुळना. चारी पेपर मिळून तीनशे एकेचाळीस हायेत. यादीत दोनशे साठ.”

“कॉम्प्युटर चुकत न्हाई,” अक्का खेकसली.

“हाव. पण बाबा मला न्यायला यायलेत. ‘ड’मधीच बसायचं तर गावाकडचं कॉलेज काय वाईट, म्हणतेत.”

अक्काने चरफडत फाइल उघडली. बेरजेचं सूत्र बरोबर होतं. पुसून पुन्हा लिहिलं, तरी दोनशे साठ. फाइल बंद करून उघडली, तरी तेच. शेवटी वैतागून तिने ते सूत्रच उडवलं आणि एकेक चौकट अधिकच्या चिन्हाने जोडली. आता बेरजेच्या जागी चूक झाल्याची खूण आली. तेच खाली सगळ्या ओळींत ओढलं. सतरा ठिकाणी तीच खूण. सतराही जणांपुढे ‘भू’.

अक्षर चिकटलेला आकडा मशीनच्या लेखी आकडा राहिलाच नव्हता. पहिलं सूत्र तो मुकाट्याने वगळत होतं आणि उरलेल्या तीन पेपरांची बेरीज करून मोकळं होत होतं. महामायाचे फिजिक्सचे एक्याऐंशी असे बसल्या जागी गायब झाले होते.

अक्का तडक सरांच्या खोलीत गेली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कालच यादी लागली. आज बदलली तर पालक गोंधळ घालतील. पुढच्या रविवारपासून नीट करा.”

“तवर ही पोरगी हितं ऱ्हाणार न्हाई.”

“एखादी गेली तर...”

“सतरा हायेत, सर.” तिचा आवाज बाहेरच्या वर्गापर्यंत गेला. सरांच्या उत्तरासाठी ती थांबली नाही. सतराही ‘भू’ पुसून नवी यादी काढली, हाताला डिंक लागेस्तोवर जुन्या यादीवर चोपडून चिकटवली. महामाया तेविसावी आली होती, ‘अ’ तुकडीत.

तिचा बाप व्यंकटी पोरीची ट्रंक घेऊन तिथेच उभा होता. त्याने यादी बोट फिरवत वाचली.

“म्याडम, मशीन बिघडलं व्हतं का?”

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण अक्काचा राग आता भलतीकडेच वळला होता.

“मशीन न्हाई, दादा. आपल्याकडची सतरा लेकरं एका दिवसात घसरली, अन् मला त्यात काहीच वावगं वाटलं न्हाई. ते ‘भू’ मीच टाइप केलं. मी बी भूकंपातलीच हाय.”

व्यंकटीने ट्रंक उचलली आणि पोरीच्या खोलीकडे परत निघाला.