सावलीत धरलेलं पान

मावशीच्या भातखाचराच्या बांधावर मी उभी होते. ऊन चांगलं वर आलं होतं आणि पानं मला पिवळसर दिसत होती.

"मावशी, युरिया कमी पडलाय गं," मी म्हटलं. दोन दिवसांसाठी आले तरी सल्ला द्यायची मला भारी हौस.

मावशीने कमरेला खोचलेली प्लास्टिकची पट्टी काढली. तिच्यावर फिक्यापासून गडदपर्यंत हिरव्याच्या चार छटा होत्या, पानाचा रंग ताडून खत लागेल का ते ठरवायला. उन्हाकडे पाठ करून ती वाकली आणि पान न तोडता तिने ते पट्टीवर टेकवलं. तिची सावली पडली आणि तेच पान चांगलं हिरवं निघालं.

"उन्हात पान फिकंच दिसतं," ती म्हणाली. "त्याला भुलून खत टाकलं की पीक माजतं आणि मग लोळतं. आधी आपली सावली धरायची, मग बघायचं."

माणसांना मी असंच लांबून, भर उन्हात बघत आले. जरा बाहेर पड, जरा हसत जा, असं खत टाकून मोकळी झाले. कुणावर माझी सावली पडेल इतकी जवळ गेलेच नाही.

परत निघताना मावशी थांबली. माझ्या आणि उन्हाच्या मधे येऊन उभी राहिली. तिच्या सावलीत माझे मिचमिचे डोळे नीट उघडले. माझा चेहरा बराच वेळ निरखून तिने हळूच विचारलं, "फोनवर रोज मजेत असतेस. जेवतेस ना गं?"